लवू घाडीची टीम

लवू घाडीला आपल्या टीममध्ये रामदास नको होता, आणि ते त्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

लालबागच्या त्या मिलची सायकल टीम तेव्हा मुंबईत नावाजलेली होती. टीममध्ये चौघे. मिलच्या पटावर ते आपापल्या खात्यातले कामगार, पण खात्यात पाऊल टाकायचं ते फक्त पगाराला. बाकी काम एकच, सायकल मारायची आणि शर्यती जिंकायच्या. लवू कॅप्टन. मूळचा मालवणकडचा, कापड विणायच्या साचेखात्यातला, छाती भरलेली, आवाज मोठा. त्याचा मेव्हणा राजाराम दुसरा. तिसरा जगदीश, ठाकूरद्वारचा, मिलच्या ऑफिसात क्लार्क. चौथा रायडर पाय मोडून गावी गेला, तेव्हा टीमचे मॅनेजर बाबुराव सूत कातायच्या रिंगखात्यातून रामदास कासारेला घेऊन आले.

"रिंगखात्यातला?" लवू म्हणाला. "बाबुराव, यांना साच्यावर घेत नाहीत. का, ते तुम्हाला सांगायला नको. आणि माझ्या टीममध्ये घेता?"

का, ते मिलमध्ये सगळ्यांनाच ठाऊक होतं. साच्यावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून काढावं लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने तोंडाला लावायचा. म्हणून रामदासच्या लोकांना साचेखात्याचं दार बंद. दोन वर्षांपूर्वी रामदासच्या घराने बौद्ध धर्म घेतला, तरी दार बंदच होतं.

"साचा तोंडाने चालतो, सायकल पायाने," बाबुराव म्हणाले. "पोरगा घाट चढतो. मला घाट चढणारा पाहिजे."

रामदास तिथेच उभा होता. त्याच्याकडे बघून कोणीच बोलत नव्हतं. भायखळ्याच्या बाजारातून भाजीच्या पाट्या सायकलवर लादून माझगावच्या टेकडीवर पोचवत तो मोठा झाला होता. असलं बोलणं त्याला नवीन नव्हतं. पण त्याने ते विसरायचंही नाही असं ठरवलं.

ते साल अठ्ठावन्न. डिसेंबरात मुंबई ते नाशिक, नाशिक ते पुणे आणि पुणे ते मुंबई अशी तीन टप्प्यांची मोठी शर्यत होती. तिन्ही टप्प्यांचा वेळ मिळून ज्याचा कमी, त्याला कप. शेवट परळच्या मैदानावर, आणि कप द्यायला द्वैभाषिक सरकारचे एक मंत्री येणार होते.

लालबागात मंत्री म्हटलं की लोक पचकन थुंकत. गोळीबाराच्या जखमा अजून ओल्या होत्या. चाळीच्या पटांगणात संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा झाली, तिथे लवू उठून उभा राहिला.

"कप मी आणतलंय," तो म्हणाला, "पण त्या माणसाच्या हातून घेणार नाही. तिथल्या तिथे त्याच्या तोंडावर सांगणार, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

टाळ्या थांबेनात. त्या दिवसापासून शर्यत लवूची राहिली नाही, लालबागची झाली. लवूची बायको शेवंती नळावर गेली तरी बाया तिला आधी पाणी भरू देत.

रामदासही त्या सभेत मागे उभा होता. त्याच्या थोरल्या भावाच्या, धोंडूच्या, मांडीत छप्पन्नच्या जानेवारीत पोलिसांची गोळी शिरली होती. तेव्हापासून धोंडू पाय ओढत चालायचा. टाळ्या रामदासनेही वाजवल्या.

पहिल्या टप्प्यात बेत असा होता की कसारा घाटात रामदासने पुढे राहायचं आणि लवूला आपल्या चाकामागे ठेवून वर न्यायचं. पुढच्याने वारा कापला की मागच्याचे पाय वाचतात. अर्ध्या घाटापर्यंत तसं झालंही. मग लवू मागे पडू लागला.

"ए, हळू!" तो ओरडला.

रामदासने मान वळवली. लवूच्या पुढे सरकून केकी त्याच्या चाकाला चिकटला होता. हा पारशी रायडर एका तेल कंपनीच्या टीमचा, गेल्या वर्षीचा विजेता. हळू झालं असतं तर केकी एकटा सुटला असता. तेवढ्यात मागून मिलची व्हॅन आली आणि बाबुरावांनी खिडकीतून हात बाहेर काढला.

"बघतोस काय? जा!"

रामदास गेला. घाटमाथ्यावर पोचला तेव्हा मागे कोणी नव्हतं. नाशिकला तो पहिला आला, त्याच्यामागे केकी, आणि केकीनंतर थोड्याच वेळाने लवू. आघाडीवरच्या रायडरला लाल बनियन मिळे, ती रामदासच्या अंगावर चढवली गेली.

धर्मशाळेच्या ओसरीवर मालीशवाला लवूचे पाय रगडत होता. रामदास समोरून गेला तसा लवूने पाय ओढून घेतले आणि उठून बसला.

"बनियन काढ ती."

"का?"

"माझी आहे ती. माझ्या टीमची."

"बाबुरावांनी जा म्हटलं, मी गेलो."

"कॅप्टन बाबुराव नाही, मी आहे. मी हळू म्हटलं की हळू." लवूने ओसरीवरून खाली थुंकी टाकली. "साच्याला शिवू देत नाहीत तुका, आणि टीमच्या डोक्यावर बसतलंस? धर्म बदललास म्हणून जात गेली तुझी?"

राजाराम हसला. जगदीश पंप उघडून बघत बसला, जणू त्यात काही अडकलं होतं.

"माझी जात मी सोडली," रामदास म्हणाला. "तुझी तुला सुटत नाही, त्याला मी काय करू?"

लवू अंगावर धावला. मालीशवाल्याने त्याला धरला म्हणून बरं. बाबुराव आतून आले, दोघांना चार शिव्या हासडल्या आणि म्हणाले, "बनियन ज्याच्या अंगात आहे त्याच्यासाठी उद्या टीम चालेल. मालकाला कप पाहिजे, कुणाच्या हातून येतो त्याच्याशी त्याला घेणं नाही."

लवूने त्या रात्री जेवणसुद्धा पाठ फिरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संगमनेर मागे टाकल्यावर चंदनापुरीच्या घाटात रामदासचं मागचं चाक फुटलं. राजाराम त्याआधीच पडला होता. त्याचा हात निखळला, त्याला व्हॅनमध्ये घेण्यात बाबुराव मागे अडकले होते. अशा वेळी रीत ठरलेली होती. टीमच्या दुसऱ्या रायडरने थांबायचं, आपलं चाक काढून आघाडीवाल्याला द्यायचं आणि स्वतः व्हॅनची वाट बघायची.

रामदास रस्त्याच्या कडेला उतरला आणि त्याने हात वर केला. लवू आणि जगदीश जोडीने येत होते. जगदीशने ब्रेक दाबला, एक पाय खाली टेकलासुद्धा.

"थांबायचं नाही," लवू म्हणाला. "चल."

"अरे, पण चाक..."

"चल म्हटलं ना!"

जगदीशने रामदासकडे एकदा बघितलं, पाय उचलून पॅडलवर ठेवला आणि तो गेला. लवूने बघितलंही नाही. मग केकी गेला, केकीचे साथीदार गेले. ज्यांना रामदासने आदल्या दिवशी कधीच मागे टाकलं होतं, तेही एकेक करून गेले. तो फुटलेलं चाक हातात धरून उभा राहिला. व्हॅन आली तेव्हा आघाडी केव्हाच गेली होती.

पुण्यात लवू पहिला आला आणि लाल बनियन त्याच्या अंगावर आली. दोन्ही टप्पे मिळून केकी त्याच्यापेक्षा अगदी थोड्या वेळाने मागे होता.

"चाक का दिलं नाही?" बाबुरावांनी विचारलं.

"फुटलेलं दिसलंच नाही," लवू म्हणाला.

"जगदीश?"

जगदीशने गळ्यातला टॉवेल तोंडावरून फिरवला. "मलाही नाही दिसलं."

बाबुरावांनी रामदासकडे पाहिलं. रामदास वाट बघत होता, ते आणखी एक प्रश्न विचारतील म्हणून. बाबुराव म्हणाले, "बरं. झालं ते झालं. उद्या सगळ्यांनी लवूसाठी चालवायचं. रामदास, तूसुद्धा."

शेवटच्या टप्प्यात जगदीश खंडाळ्याच्या आधीच दमून मागे राहिला. बोरघाट उतरून पनवेल गाठेपर्यंत पुढे उरले ते लवू, रामदास, केकी आणि केकीचा एक जोडीदार. मुंब्र्याला खाडीवरून वारा तोंडावर आला. तिथेच केकीच्या जोडीदाराने मान खाली घातली, केकीला मागे घेतलं आणि दोघे सुटले.

लवूने त्यांना धरायचा प्रयत्न केला. वाऱ्यात एकट्याचं चालेना. अंतर वाढू लागलं.

"पुढे ये," तो मागे न बघता म्हणाला.

रामदास पुढे झाला, पण लवूच्या बाजूलाच राहिला. दोघांची हँडलं जवळजवळ लागली.

"ऐकू येत नाही? पुढे जा, वारा काप!"

"कुणाला सांगतोस?"

"तुला!"

"मला नाव आहे. तू अजून एकदाही घेतलं नाहीस. नाव घे, आणि चंदनापुरीला काय केलंस ते परळला सगळ्यांसमोर बोलेन म्हण. एवढं म्हण. मी तुला परळपर्यंत नेतो."

लवूच्या तोंडाला फेस आला होता. डोळे लाल झाले होते. "तुझ्यासमोर नाक घासू?"

"नाक नको. बोल फक्त."

"मेलो तरी नाय बोलणार."

"मग मर."

ठाणं आलं. रस्त्यावर लोक जमले होते. ते ओरडत होते, "लवू, चल! लवू, धर त्याला!" केकीचा पिवळा सदरा लांब, अजून दिसण्याइतका, पुढे होता. रामदासच्या पायात ताकद होती. एकटा गेला असता तर केकीला गाठून निदान टप्पा त्याने जिंकला असता. ते त्याला कळत होतं. पण त्याला लवूच्या बाजूनेच राहायचं होतं. लवू हरताना त्याला जवळून बघायचा होता. लवू एकदा म्हणाला, "बाबुराव तुला टीममधून काढतील." रामदास हँडलाला हँडल लावून चालवत राहिला. मुलुंड गेलं, शीव गेलं, आणि पिवळा सदरा दिसेनासा झाला.

परळच्या मैदानावर लालबाग लोटलं होतं. काळे झेंडे होते, हार होते, लेझीम होतं. केकी आला आणि सगळं गप्प झालं. मग लवू आणि रामदास शेजारी शेजारी आले. लवू सायकलवरून उतरला तो कोसळलाच. लोकांनी त्याला उचलला. त्याने डोळे उघडले आणि बोट दाखवलं.

"ह्यानं. ह्यानं बाजूला राहून मला हरवला. वारा कापला नाय. पायात जीव असून कापला नाय."

"सरकारचा माणूस!" कोणीतरी ओरडलं.

"किती खाल्लेस रे?"

"द्वैभाषिकवाला!"

पहिला दगड सायकलला लागला, दुसरा रामदासच्या कानामागे. गर्दी आत सरकली. एकाने त्याची सायकल ओढून घेतली आणि तिच्यावर उभा राहून नाचू लागला. रामदास काहीतरी सांगत होता, चंदनापुरी, चाक, पण ते कोणाला ऐकायचंच नव्हतं. तेवढ्यात गर्दी फाडत धोंडू पाय ओढत आला. त्याने धोतर मांडीपर्यंत वर घेतलं आणि तो व्रण सगळ्यांना दाखवला.

"सरकारचा माणूस कोण रे? ही सरकारची गोळी! तुझ्या अंगावर आहे का एक तरी? दाखव!"

पुढचे लोक थांबले. मागच्यांनी शिव्या चालूच ठेवल्या. धोंडूने भावाला खांद्याला धरून बाहेर काढलं. पाठीमागे मंत्र्याने केकीला कप दिला. काळे झेंडे नाचले, आरडाओरडा झाला, पण ज्यासाठी सगळे आले होते ते झालं नाही.

मिलने रामदासला टीममधून काढलं आणि पुन्हा रिंगखात्यात पाठवलं. लवू कॅप्टन राहिला.

एका रविवारी सकाळी जगदीश भायखळ्याच्या चाळीत आला. रामदासची आई सुंदराबाई दारात तांदूळ निवडत होती. तिने त्याला बसायला सांगितलं नाही. रामदास बाहेर आला.

"मी पाहिलं होतं," जगदीश म्हणाला. "चंदनापुरीला. तुला वाईट वाटू नये म्हणून सांगायला आलो. तुझी चूक नव्हती."

"माझी चूक नव्हती हे मला ठाऊक आहे. पुण्यात का नाही बोललास?"

"अरे, लवूने मला टीममधून उडवलं असतं. तू समजून घे ना. म्हणत असशील तर आता बाबुरावांना सांगतो."

"बाबुरावांना पुण्यातच कळलं होतं."

"मग मी काय करू, सांग."

"परळच्या मैदानावर जा. लवूच्या चाळीत जा. नळावर उभा राहून सांग. मला एकट्याला येऊन कानात सांगतोस?" रामदास उंबऱ्यावर सरकला. "चहा घेणार होतास? आमच्याकडचा चालतो तुला?"

जगदीश लाल झाला. "मी तसला नाही."

"मग चंदनापुरीला पाय का उचललास?"

रामदासने दार लावून घेतलं. सुंदराबाई सूप घेऊन दाराबाहेरच राहिली होती. जगदीश जिना उतरेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने दार ठोठावलं.

उन्हाळ्यात माझगावच्या गोदीतल्या एका टीमने रामदासला घेतलं. पुढच्या शर्यतीत तो तिसरा आला. लवू चौदावा की पंधरावा. त्याचे पाय गेले होते, आणि तरी तो कॅप्टनपद सोडत नव्हता. समितीचा मोठा मोर्चा निघाला तेव्हा दोघेही त्यात होते. लालबागचे लोक पुढे होते, भायखळ्याचे मागून येऊन मिळाले. रामदासला लवूची पाठ दिसली. लवूने मागे पाहिलं, त्यालाही रामदास दिसला. कोणी नजर खाली घेतली नाही, आणि कोणी जवळ आलं नाही. पुढून घोषणा आली. लवूचा आवाज त्या हजारो आवाजांतही रामदासला ओळखू आला, आणि त्याने आपला आवाज त्याच्यावर चढवला.