भैरोबाची तागडी

पूर्णिमाची अक्कलदाढ काढायचं ठरलं तेव्हा घरात सगळे हळहळले, एकटी पूर्णिमा तेवढी मनातून खूश झाली. दाढ हाडात आडवी रुतून बसली होती, तिच्याखाली गाठही होती. हाड कापून काढावी लागेल आणि त्यानंतर बरेच दिवस पातळ खाण्यावरच राहावं लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. पातळ खाणं! वर्षभर दुधीचा रस पिऊन, हिंजवडीच्या ऑफिसात वाढदिवसाच्या केककडे पाठ फिरवून जे जमलं नव्हतं ते आता एका दाढेच्या कृपेने आपोआप होणार होतं. आणि तेही अगदी वेळेवर, चैत्रातल्या भैरोबाच्या जत्रेआधी.

ही जत्रा तिच्या डोक्यात वर्षभर ठसठसत होती. दाढेपेक्षा जास्त.

तिचं सासर कोथरूडच्या पलीकडचं. गाव महापालिकेत जाऊन जमाना झाला, भाताच्या खाचरांवर टॉवर उभे राहिले, सासरे सोनबा बैलगाडीतून उतरले ते थेट फॉर्च्युनरमध्ये बसले. पण देवळापुढची भैरोबाची तागडी होती तिथेच राहिली. दोन दगडी खांबांवर आडवी तुळई, तिला टांगलेली लोखंडी दांडी आणि तिच्या दोन टोकांना साखळदंडांनी लटकणारी, माणूस मांडी घालून बसेल एवढी दोन पारडी. घरातलं माणूस दुखण्यातून उठलं की त्याला एका पारड्यात बसवायचं, दुसऱ्यात नवस बोललेली वस्तू घालायची, आणि पारडी समान झाली की ती वस्तू गावाला प्रसाद म्हणून वाटायची. बहुतेक लोक गूळच बोलत.

मागल्या वर्षी पूर्णिमा डेंग्यूतून उठली म्हणून सासूबाईंनी, आनंदीबाईंनी, तिला गुळात तोललं. गूळ त्यांनी आपल्या अंदाजाने आणला होता, आणि सुनेच्या बाबतीत त्यांचा अंदाज जरा मायेचा निघाला. सगळ्या ढेपा चढल्या तरी पूर्णिमाचं पारडं जमिनीला चिकटलेलंच. एवढ्यावर कोणी दुकानात पळालं असतं तर भागलं असतं. पण माईक दशरथच्या हातात होता. दशरथ म्हणजे पूर्णिमाच्या नवऱ्याचा, रविराजचा, धाकटा चुलतभाऊ. स्वतः काही कमी नव्हता, शर्टाची बटणं श्वास रोखून बसायची. नगरसेवक व्हायची हौस, त्यामुळे गावात माईक दिसला की हा आधी धावणार.

"आरं, आणखी ढेपा आणा!" तो भोंग्यावरून गरजला. "वैनी काय जागच्या हलंनात! कोल्हापूरला फोन लावा कुणीतरी, ट्रक मागवा ट्रक!"

अख्खं गाव हसलं. कोणीतरी व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो ऑफिसातल्या ग्रुपवरसुद्धा येऊन पडला. पूर्णिमाने तो इतक्यांदा पाहिला की दशरथचा प्रत्येक शब्द तिला पाठ झाला. पण खरी कळ त्या शब्दांत नव्हती. व्हिडिओत मागे, खांबाला टेकून, पोट धरून हसणारा एक माणूस दिसत होता. तो रविराज होता.

यवतमाळहून नोकरीला आलेली ही मुलगी त्याच्याच बिल्डिंगमध्ये भाडेकरू होती, आणि तिने भाजीत घातलेल्या तिखटावर तो भाळला होता. तेव्हा ती याहून बारीक होती असं नाही. "तू अशीच छान आहेस," असं म्हणणारा माणूस चारचौघांत पोट धरून हसतो, म्हणजे ते आधीचं खोटं होतं की काय? तिने एकदा विचारलं होतं. "अगं, गंमत होती ती. एवढं काय मनाला लावून घेतेस?" एवढंच म्हणून त्याने कूस बदलली होती. गंमत! पूर्णिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि ती अजून उतरली नव्हती.

म्हणून तिचं ठरलं होतं. पुन्हा त्याच तागडीत बसायचं. दोन-चार ढेपांतच आपलं पारडं असं वर उचललं गेलं पाहिजे की दशरथच्या हातातला माईक गळून पडावा आणि रविराजने खांबाला टेकून नुसतं बघत राहावं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आनंदीबाईंनी देवाला हात जोडून, "सुनेची दाढ नीट होऊ दे, पुन्यांदा गुळात तोलीन," म्हटलं, तेव्हा तर तिला भैरोबाच आपल्या बाजूचा वाटला.

दाढ निघाली. गाल फुग्यासारखा सुजला. आनंदीबाई ताकातली नाचणीची आंबील करून आणायच्या, मऊ भात तूप घालून मोडून आणायच्या, आणि पूर्णिमा खुणेनेच नको म्हणायची. दुखतंय, गिळवत नाही. खरं तर पोटात कावळे ओरडत होते. पण ती डाळीचं वरचं पाणी तेवढं प्यायची आणि शहाळ्यावर दिवस काढायची. यवतमाळहून आई फोनवर ओरडायची, "काऊन जेवत नाहीस वो तू? आवाज पाय कसा झाला!" तरी ही बधली नाही. रोज सकाळी वजनकाट्यावर उभी राहायची आणि आकडा उतरलेला दिसला की सुजलेल्या तोंडाने हसायची. रविराज म्हणाला, "बारीक झालीस की!" थांब जरा, एवढंच ती मनात म्हणाली.

मग जखम चिघळली. कळ कानशिलापर्यंत जायला लागली, ताप भरला, तोंडाला वास यायला लागला. जबडा असा धरला की चमचा आत जाईना. आनंदीबाईंनी तिला रिक्षात घातलं आणि शनिवार पेठेत डॉक्टर सत्यशीला आगाशेंच्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

डॉक्टरबाईंनी दिवा लावून तोंडात पाहिलं आणि दिवा बंद केला.

"शहाळं कशाने पीत होतात?"

"स्ट्रॉने," पूर्णिमा दातांतून म्हणाली.

"वा! स्ट्रॉ नको असं मी बहुतेक भिंतीला सांगितलं होतं. ओढून ओढून जखमेवरची गुठळी काढलीत. आणि जेवण?"

आनंदीबाईंनीच सांगितलं, "काय बी खात न्हाय डॉक्टर. वजन करती रोज उठून."

"अच्छा. म्हणजे दाढ मी काढायची आणि जबडा आपण काढणार. वजन उतरवायला माझी ना नाही. जखम भरली की सावकाश उतरवा, चाला, गोड सोडा. पण आत्ता आपलं जे उतरतंय त्यात चरबी थोडी आणि मांस जास्त. जखम भरायला तेच लागतं, ते मी काय मंडईतून आणू?"

"मला चैत्रापर्यंत बारीक व्हायचंय," पूर्णिमा कशीबशी म्हणाली.

"चैत्रापर्यंत तोंड उघडलं तरी पुष्कळ. आत्ता दोन बोटंसुद्धा मावत नाहीत. हे असंच राहिलं तर चारचौघांत धड बोलताही येणार नाही." डॉक्टरबाईंनी जखम धुऊन औषध भरलं आणि हात धुता धुता बजावलं, "अंडी, वरण, पनीर, खीर, सगळं मऊ करून पोटभर खायचं. शेव नको, चिवडा नको. आणि चुरमुरे तर मुळीच नकोत. हलके म्हणून लोक खुशाल खातात आणि कण जाऊन जखमेत बसतात."

परत येताना रिक्षा सिग्नलला थांबली. शेजारी चुरमुऱ्यांचं दुकान होतं. पुरुषभर उंचीचं फुगलेलं पोतं दुकानातल्या म्हाताऱ्याने एका हाताने उचललं आणि सहज टेम्पोत फेकलं. पूर्णिमा त्या पोत्याकडे बघत राहिली. केवढं पोतं, आणि वजन काहीच नाही! तिच्या मनात पारड्यात मांडी घालून बसलेला दशरथ आला, आणि समोरच्या पारड्यात हे असलं एक पोतं. मग दुसरं. मग तिसरं. ठणकणाऱ्या जबड्याने ती हसली, आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत राहिली.

"काय झालं गं?" आनंदीबाई घाबरल्या.

"आई," ती दातांतून म्हणाली, "मला नाही बसायचं तागडीत. माझ्या जागी दशरथभावजींना बसवू या. मी देवाला तसं बोलते. चुरमुऱ्यांत तोलू."

सिग्नल सुटला. आनंदीबाई पदर खोचत म्हणाल्या, "माझ्या नवसाचा तमाशा केला हुता त्यानं. देवाफुडं. म्या काय इसरले न्हाय." आणि थोड्या वेळाने, "शेजारच्या मुक्ताईच्या माहेरची चुरमुऱ्याची भट्टी हाय. पोती लागतील तेवढी मिळतील."

त्या दिवसापासून पूर्णिमा जेवायला लागली. माईकवर बोलायचं तर जबडा हवा, आणि जबडा हवा तर जेवायला हवं, हिशेब सरळ होता. आंबील, तुपातला मऊ भात, मुगाचं वरण, कुस्करलेली अंडी, जे येईल ते. वजनकाटा तिने माळ्यावर टाकला. तोंड उघडायचा व्यायाम म्हणून डॉक्टरबाईंनी आईस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायला सांगितल्या होत्या. कळ डोक्यात जायची, पण ती व्हिडिओ लावायची आणि दशरथ "ट्रक मागवा" म्हणाला की आणखी एक काडी सरकवायची. सूज उतरली, जखम भरली, गालांवर मांस परत आलं. आनंदीबाईंनी कधी नव्हे ते तिच्या पाठीवर हात फिरवला.

दशरथला गळाला लावायला काहीच कष्ट पडले नाहीत. "भावजी, माझी दाढ नीट झाली, तुमच्या नावाने नवस बोलले होते. देवापुढे तुमची तुला करायची," असं पूर्णिमाने सांगितलं आणि गडी विरघळला. निवडणूक तोंडावर होती.

"कशात तोलताय वैनी? पेढ्यात?"

"ते देवापुढेच सांगायचं, असा नवस आहे."

त्याने चौकात स्वतःच्या फोटोचे फ्लेक्स लावले, त्यावर भल्यामोठ्या अक्षरांत 'भव्य तुला' लिहून घेतलं. मुलाखतीसाठी एक यूट्यूबवालाही बोलावला.

जत्रेच्या दिवशी फेटा बांधून, गळ्यात हार घालून दशरथ पारड्यात बसला. दांडी करकरली आणि त्याचं पारडं धप्पकन जमिनीला टेकलं. पूर्णिमाने माईक हातात घेतला.

"माझा नवस चुरमुऱ्यांचा!" तिने सांगितलं. जबडा नीट उघडला, प्रत्येक अक्षर भोंग्यातून स्वच्छ बाहेर पडलं.

पहिलं पोतं आलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं आलं. तिसरं आलं. पारडं भरलं, मग पोत्यांवर पोती रचून दोरीने बांधायला लागले. दशरथ होता तिथेच. गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, मग बायकांच्या घोळक्यातून हसण्याचा लोंढाच आला.

"आरं, आणखी पोती आणा!" पूर्णिमा थेट दशरथच्या आवाजात गरजली. "भावजी काय जागचे हलंनात! ट्रक मागवा ट्रक!"

गाव हसून फुटलं. मोबाइल वर झाले. यूट्यूबवाला पोत्यांच्या डोंगरावर चढायला निघाला. एक पोतं उसवलं आणि चुरमुरे वाऱ्यावर उडून दशरथच्या फेट्यात, मिशीत, हारात जाऊन बसले. चैत्राचं ऊन, घामाने अंगाला चिकटलेला शर्ट आणि तोंड बीटासारखं लाल.

"वैनी, बास की आता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "उतरतो म्या."

"देवाच्या तागडीतनं अर्ध्यातनं उतरत न्हाईत," आनंदीबाई समोरूनच म्हणाल्या, आणि पुजाऱ्याने मान डोलावली. दशरथ पुन्हा मांडी घालून बसला. पोती येतच राहिली.

पूर्णिमाला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, वर्षभर छातीत अडकलेलं काहीतरी एकदाचं सुटलं. पोत्यापोत्यागणिक थंडावा मिळत होता. शेवटी भट्टीवरचा दुसरा टेम्पो रिकामा झाला तेव्हा कुठे दशरथ हातभर वर उठला आणि लोकांनी जल्लोष केला.

तेवढ्यात तिला ते हसू ऐकू आलं. तेच, व्हिडिओतलं, पाठ झालेलं. तिने वळून पाहिलं. रविराज खांबाला टेकून, पोट धरून, डोळे पुसत हसत होता. मागल्या वर्षी होता त्याच खांबाला. पारड्यात बायको बसो की भाऊ, ह्याला सारखंच. तिच्याकडे बघून त्याने अंगठा वर केला. आपण दोघं एकाच बाजूचे आहोत, अशा खात्रीने.

पूर्णिमाने त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. मग माईक पुन्हा तोंडाजवळ नेला.

"मंडळी, थांबा. एक नवस राहिलाय," ती म्हणाली. "माझ्या आजारपणात ज्यांनी मला हसत ठेवलं, त्या माझ्या यजमानांची तुला. पुढच्या वर्षी, ह्याच तागडीत. भैरोबापुढे शब्द देते."

"कशात?" बायकांतून कोणीतरी ओरडलं.

"कापसात," पूर्णिमा म्हणाली. "माझ्या माहेरचा कापूस. यवतमाळहून येईल. ट्रकने."

रविराजचा अंगठा तसाच वर राहिला. हसू मात्र थांबलं. आता तो एकटा सोडून सगळं गाव हसत होतं, आणि पारड्यातून उतरून फेट्यातले चुरमुरे झटकणारा दशरथ सगळ्यांत मोठ्याने. पूर्णिमानेही तोंड उघडलं, पार दाढेची रिकामी जागा दिसेल इतकं, आणि ती पोट धरून हसली.