कॅन्सरवर न चाललेल्या गोळ्या

लातूरच्या धान्याच्या मोंढ्यात लक्ष्मम्मांच्या तोंडाला लागायची हिंमत कुणाची नव्हती. नवरा गेल्यावर डाळमिल त्यांनीच चालवली आणि घराची अब्रूही त्याच ठसक्यात सांभाळली. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून तर मुलगा संगमेश याला बुरशीचा मेंदूज्वर झाला आणि त्यामागं एचआयव्ही असल्याचं कळलं, तेव्हा त्यांनी लातुरात उपचार न करता त्याला थेट नांदेडला हलवलं. पाहुण्यांना सांगितलं, ताप मेंदूत गेलाय. सून मंजुश्रीलाही तेवढंच सांगितलं.

नांदेडच्या डॉक्टर तनुजा यांनी सलाइनच्या जोडीला गोळ्या सुरू केल्या. म्हणाल्या, "हे औषध मुळात कॅन्सरसाठी बनवलं होतं. तिथं ते चाललं नाही. पुढं कळलं, या बुरशीवर मात्र चांगलं चालतं." लक्ष्मम्मांना हे लगेच पटलं. त्यांच्या मते जगात वाईट माल असा नसतोच, गिऱ्हाईक चुकलेलं असतं.

मंजुश्री वेळेवर गोळ्या देत होती. संगमेश हळूहळू डोळे उघडून बघायला लागला. एकदा तर चहात साखर कमी म्हणून कुरकुरलाही, तेव्हा लक्ष्मम्मांना एवढा आनंद झाला की त्यांनी वॉर्डातल्या सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्याच दिवशी त्यांचा धाकटा दीर विरूपाक्ष मठातली विभूती घेऊन भेटायला आला. पुतण्याच्या कपाळाला विभूती लावता लावता त्याची नजर गोळ्यांच्या डबीवर गेली. त्यानं मोबाईलवर नाव शोधलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"वैनी, हे तर कॅन्सरचं औषध हाय! पोराला कॅन्सर झालाय आन् तुम्ही ताप ताप करून राहिल्या! बंद करा ह्या गोळ्या. खाली गाडी उभी हाय, आत्ताच हैदराबादला नेऊ."

क्षणभर लक्ष्मम्मांना मोह झाला. कॅन्सर म्हटलं की लोक डोळ्यांत पाणी आणतात, घरून डबे पाठवतात. त्या दुसऱ्या आजाराचं नाव काढलं की उंबऱ्याबाहेरूनच परत जातात. नुसतं 'हाव, कॅन्सरच' म्हटलं असतं तरी अब्रू वाचत होती. पण गोळ्या थांबल्या असत्या आणि लेकरू हातचं गेलं असतं. विरूपाक्षनं डबी खिशात घातली, तसा बाईंचा पारा चढला.

"काढा ती डबी, भावजी! कॅन्सर न्हाई. संगमेशला एचआयव्ही हाय. अंगातली ताकद गेली म्हणून बुरशी मेंदूत चढली. गोळी कॅन्सरवर चालली न्हाई, हितं चालून राहिली. पोरगं डोळे उघडून बघून राहिलंय, दिसत न्हाई का तुम्हाला?"

बोलून झालं आणि लक्ष्मम्मांच्या ध्यानात आलं, की मंजुश्री पाण्याचा पेला घेऊन मागंच उभी आहे.

"मला ठाऊक हाय, अव्वा," मंजुश्री सासूला म्हणाली. "हितं आलो त्याच दिवशी, शुद्ध जायच्या आधी, ह्यांनीच सांगितलं. माझी तपासणी बी झाली. मला काही न्हाई."

"मग बोलली का न्हाईस गं?"

"तुम्ही एवढ्या जिवाच्या आकांतानं झाकून राहिल्या होत्या. मी कसं उघडणार?"

लक्ष्मम्मांना लाज वाटली, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. मोंढा गाजवणारी ती बाई सगळ्या वॉर्डासमोर पदर तोंडाला लावून रडली.

मंजुश्रीनं विरूपाक्षपुढं हात केला. "काका, डबी द्या. गोळ्यांची वेळ झाली."

विरूपाक्षनं डबी तिच्या हातात दिली, आणि संगमेशच्या मानेखाली स्वतःचा हात घालून त्याला गोळी घेण्यापुरतं उठवून धरलं.