धक्क्यावर बसलेली बाई

मुलगा मालाच्या जहाजावर खलाशी होता, वर्षातून दोनदा घरी यायचा. त्यामुळे धक्क्यासमोरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सासरा आणि सून, अशी दोघंच. सासरा चित्रं कोरायचा. तांब्याच्या पत्र्यावर पोलादी सुईनं थेट ओरखडे काढायचे. रेघेच्या बाजूला तांब्याची खरखरीत कड उठते, ती शाई धरून ठेवते आणि कागदावरच्या छापाला मखमली काळेपणा येतो. चाळीस वर्षं त्यानं हेच केलं होतं. हात अजून पक्का होता, हातभर अंतरावरचं दिसतही होतं. त्यापलीकडे मात्र सगळं धुकं.

अशात छापखानेवाल्यानं गजबजलेल्या धक्क्याचं चित्र मागितलं. म्हाताऱ्याला नाही म्हणवेना.

"सूनबाई, खिडकीत बस आणि काय दिसतं ते सांग."

"होड्या आहेत, मामंजी. माणसं आहेत."

"माणसं आहेत म्हणजे? मला भेटायला आलीत का? करतायत काय?"

ती गोंधळली. इतकी वर्षं त्याच खिडकीत कपडे वाळत घातले, पण धक्का असा कधी पाहिलाच नव्हता. मग हळूहळू जमत गेलं. फळीवरून चढणारा हमाल मान डावीकडे कलती ठेवतो. भरलेली होडी पाण्यात खोल बसते. डांबर लावणारा बादली पायानंच सरकवतो. ती सांगायची, सुई कुरकुरायची. एरवी 'वाढू का' आणि 'वाढ' यापलीकडे न बोलणारी ती दोघं तासन्‌तास बोलू लागली.

नवव्या दिवशी खाली आरडाओरडा झाला. माल उतरवण्याचा दोर तुटला आणि गोणी एका हमालावर कोसळल्या.

"काय झालं गं?"

"काही नाही, मामंजी. ओझी उतरवतायत."

सुई थांबली. "डोळे तुझे, मान्य. पण कान माझेच आहेत."

मग तिनं सांगितलं. सगळे धावले, गोणी बाजूला केल्या, आणि थोड्याच वेळात काम पुन्हा सुरू झालं. फक्त एक बाई खाली बसून होती, त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन.

"तिला घ्या ना चित्रात."

"गजबज मागितलीय. त्यात बसलेलं माणूस रिकामटेकडं दिसतं."

"रिकामटेकडं?" सासऱ्यापुढे तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आत्ता अख्ख्या धक्क्यावर तिच्याइतकं काम कोणाला नाही!"

म्हाताऱ्यानं सुई तिच्यापुढे धरली. "काढ."

"मला कुठे येतं?"

"मला तरी कुठे दिसतं?"

सुई निसटू नये म्हणून तिनं ती दाबून धरली. ओबडधोबड, खोल रेघा उमटल्या. वाकलेली पाठ, मांडीवरचं डोकं, पसरलेले पाय. त्यानं पत्र्यावरून बोट फिरवलं. "फार दाबलंस. असू दे."

छाप निघू लागले. यंत्राच्या दाबाखाली रेघांची ती खरखरीत कड झिजत जाते. तिसाव्या छापापर्यंत म्हाताऱ्याची शिडं आणि दोर फिकटले, खोल रेघांची बाई मात्र काळीभोर राहिली.

"हा डाग घासून काढा," छापखानेवाला वैतागला.

"डाग नाही तो. सूनबाईचं काम आहे. घासायचं तर तिला विचारा."

तिला विचारायची काही त्याची छाती झाली नाही.

एक छाप घेऊन सून धक्क्यावर उतरली. ती बाई मासे निवडत बसली होती.

"ही मी?" हात पुसत बाई म्हणाली. "एवढी जाडी आहे का मी?"

"तुमचे यजमान कसे आहेत?"

"यजमान कुठले! ओळखही नव्हती. आईला हाका मारत होता, मी जवळ होते, बसले. पाय मोडला म्हणे. वाचला पण."

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं.

"मी तिला त्याची बायकोच समजून बसलो होतो."

"मीसुद्धा."

"काढताना ठाऊक असतं तर?"

तिनं विचार केला. "पाठ जरा ताठ काढली असती, मामंजी. अनोळखी माणसाचं डोकं मांडीवर घ्यायचं, तर आधी थोडं अवघडायला होतंच."

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि नवा पत्रा पुसायला घेतला.