दोन तारखेचा फोन

“परत केले रे पैशे, आत्ताच केले. जेवलास काय? आणि सूनबायचा खोकला कसा हाय?”

मालनकाकी माझ्या काउंटरच्या काचेला खेटून फोनवर बोलत होती आणि तिच्यामागे सात माणसं ताटकळत होती. दर महिन्याच्या दोन तारखेला हा सोहळा ठरलेलाच. मी घसा खाकरला, पेन आपटलं. तिने हातानेच ‘थांब जरा’ म्हटलं आणि सुनेच्या खोकल्यावरून नातवाच्या शाळेवर गेली.

आरे-वारेच्या रस्त्यावर काकीची कोकम सरबताची टपरी. पर्यटक हल्ली खिशात पैसे ठेवत नाहीत, म्हणून टपरीवर क्यूआर कोड आणि त्यासाठी आमच्या पतसंस्थेत चालू खातं. एरवी चालू खात्यावर कोणी छदाम देत नाही, पण आमच्याकडे एक योजना होती. महिन्याला वीस हजारांचा भरणा झाला, की खात्यातल्या शिल्लकेवर त्या महिन्याचं व्याज मिळायचं. उन्हाळ्यात काकीचा भरणा आपोआप व्हायचा. पावसाळ्यात त्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मग तिच्या मुलाने, मुंबईच्या रितेशने, शक्कल काढली. तो एक तारखेला वीस हजार पाठवायचा, काकी दोन तारखेला तेच त्याला परत करायची. पुढे ते बारमाही झालं. पैसे ज्याचे त्याच्याकडे आणि व्याज काकीला. व्याज तरी कितीसं? चारशे, साडेचारशे. एक तारखेला ‘आले काय?’ विचारायला त्याचा फोन, दोन तारखेला ‘परत केले’ सांगायला हिचा.

मार्चअखेर संस्थेने योजना गुंडाळली. एप्रिलच्या दोन तारखेला मी काकीला नीट समजावलं, “काकी, व्याज बंद झालं. आता पैसे फिरवायची गरज नाही.”

तिने मान डोलावली. मग म्हणाली, “असूं दे गो बाय. सवय झाली हाय.” आणि भरलेली स्लिप पुढे सरकवली.

मी मनात कपाळावर हात मारला. म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी. बावीस वर्षं काचेच्या आत बसून माझी खात्री झाली होती, की बाहेरच्यांना आपल्यापेक्षा कमीच कळतं.

ऑक्टोबरात रितेश स्वतः आला, खात्याला वारस म्हणून नाव लावायला. एका हाताने फोन चाळत, दुसऱ्या हाताने सह्या करत होता. काकी शेजारी उभी होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. मला शहाणपण सुचलं. आई नाही तर निदान मुलाला तरी कळेल, म्हणून मी बोलले, “आता दरमहा पैसे पाठवायची तसदी घेऊ नका हो. ती योजना बंद झालीय.”

त्याने मान वर केली. “बंद? कधी?”

“मार्चमध्ये. मी काकींना सांगितलं होतं.”

काकीने माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या, पण तसं कोणी पाहिलं नव्हतं.

“आई, तुला माहीत होतं? मग सहा महिने मला कशाला कामाला लावलंस? एक तारीख चुकू नये म्हणून मी मोबाईलमध्ये अलार्म लावतो!”

“विसरले रे.”

“विसरलीस कशी? दर महिन्याला फोन तर करतेस.”

काकी पदराने काउंटर पुसू लागली. तिथे काहीच सांडलं नव्हतं.

“बरं झालं सांगितलंत, मॅडम,” रितेश कागद माझ्याकडे देत म्हणाला. “एक कटकट गेली.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकीला एप्रिलमध्येच सगळं कळलं होतं. न कळणारी मी होते. महिन्याला दोनदा लेकाचा आवाज ऐकायला तिला एक कारण होतं, तेवढं मी माझ्या हुशारीने काढून घेतलं. त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला. माझीच मला लाज वाटत होती.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला काकी आली. रांगेत उभी न राहता बाकावर बसली. गर्दी ओसरल्यावर काउंटरशी येऊन तिने आपला फोन माझ्यापुढे धरला.

“बाय, ह्याला काय झालाय बघ गो. कालधरनं वाजला नाय. बिघडला असंल.”

मी ड्रॉवरमधून माझा मोबाईल काढला, खात्यावरचा तिचा नंबर पाहिला आणि लावला.

तिच्या हातातला फोन खणखणीत वाजला. दाराशी बसलेला शिपाई रावजी दचकून वळला. काकी उजळलेल्या पडद्याकडे बघत राहिली. मला फोन तोडवेना. वाजून वाजून तो आपोआप थांबला.

“वाजतो की,” ती म्हणाली. मग तिने फोन पिशवीत ठेवला आणि रावजीला पुढची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.