कपाट कुठल्या भिंतीला?

पोलीस चौकीसमोर दुकान, म्हणून शिंपीदादांकडे हवालदाराचं सारखं येणं-जाणं. वर्दी उसवली की "दादा, दोन टाके मारा." झडती झाली की "दादा, एक सही ठोका." पंच म्हणून! झडती दोन त्रयस्थ माणसांच्या डोळ्यांदेखत व्हावी, असा कायदा. शिंपीदादा तो मशीनवर बसून, गळ्यातली टेपही न काढता पाळायचे. अशी चौदा वर्षं गेली.

मंगळवारी हवालदाराने नेहमीसारखा कागद पुढे केला.

"कुणाकडचा?"

"शेजारच्या इमारतीतल्या नर्सबाईकडचा. तिसरा मजला. येता का बघायला, या गुडघ्यांनी?"

दोघंही हसले. दादांनी न वाचता सही केली.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई दुकानात आल्या. हातात शिवायला काही नव्हतं.

"दादा, काल तुम्ही माझ्या घरी होतात?"

"अं... म्हणजे..."

"कागदात तसं आहे. तुमच्यासमक्ष, माझ्या राजीखुशीने झडती झाली म्हणे. मग सांगा, माझं कपाट कुठल्या भिंतीला आहे?"

मशीनचं चाक थांबलं.

"माझा भाऊ मोर्च्यात होता, म्हणून आले. कोर्टाचा हुकूम मागितला तर मला बाजूला ढकललं. आतले कपडेसुद्धा झटकून पाहिले. माझे यजमान वारल्यापासून मी वहीत त्यांना पत्रं लिहिते. ती वही जिन्यात उभं राहून मोठ्यांदा वाचली! लोक हसत होते, दादा. इथवर आवाज आला नाही?"

आला होता. दादांनी रेडिओ मोठा केला होता.

"कोर्टाने परवाच निकाल दिलाय. हुकूम नाही, राजीखुशी नाही, तर तशी झडती बेकायदा. पण माझी राजीखुशी तुम्ही सही करून देऊन टाकलीत. त्या झडतीत मिळालेल्या मोर्च्याच्या पत्रकांवर भावाला कोठडीत ठेवलंय. शुक्रवारी सुनावणी आहे." एवढं बोलून त्या निघून गेल्या.

कोपऱ्यात काज करत बसलेल्या बायकोकडे बघायची दादांना हिंमत होईना.

"चौकीसमोर दुकान आहे आपलं," ते पुटपुटले. "शिवाय पोलिसांनी गुन्हेगार पकडायचेच नाहीत का?"

"पकडू देत की! हुकूम आणून पकडू देत. मला एक सांगा, माप घेताना तुम्ही पडदा का ओढता?"

"गिऱ्हाइकाला लाज असते म्हणून."

"आणि मापाची वही कुलपात? बायकोलाही हात लावू देत नाही!"

"लोक विश्वासाने अंग मापू देतात. ते काय चारचौघांत सांगायचं असतं?"

"मग त्या बाईच्या घरात पंच म्हणजे तो पडदाच होता ना? तिची अब्रू राखायला कायद्याने तुम्हाला तिथे उभं केलं होतं. आणि तुम्ही गुडघे कुरवाळत बसलात!"

दादांनी गळ्यातली टेप काढून खुंटीला टांगली.

शुक्रवारी दादा साक्षीला कोर्टात गेले. हवालदार दारातच उभा होता, डोळे वटारून.

"ही सही तुमची?" भावाच्या वकिलांनी विचारलं.

"माझी."

"झडतीच्या वेळी तुम्ही हजर होतात?"

"नाही. मी जिनासुद्धा चढलो नाही. आणि साहेब... याआधीही कधीच चढलो नाही. चौदा वर्षांत एकदाही नाही!"

कोर्टात कुजबुज उठली. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "खोट्या पंचनाम्यावर सही करणं हा गुन्हा आहे, माहीत आहे?"

"माहीत आहे. द्याल ती शिक्षा घेईन."

पंचनामा रद्द झाला, भाऊ सुटला. दादांवर खटला भरायचा हुकूमही झाला. बाहेर दादांनी हात जोडले, तेव्हा नर्सबाई थांबल्या.

"खरं बोललात, बरं केलंत. पण माझी वही ज्यांनी ऐकली, ते आजही जिन्यात मला बघून हसतात."

दादांची मान खाली गेली, ती दुकानापर्यंत वर आली नाही. चौदा वर्षांत अशी किती घरं? किती वह्या?

वाचकहो, पोलिसांच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे. दार ते ढकलतात, पण त्याला "राजीखुशी" म्हणणारी सही तुमच्या-माझ्यासारख्याची असते. शेजाऱ्याच्या घराची लाज ती आपल्या घराची लाज. कोर्टाने निकाल दिला तरी तो पाळला जातोय का, हे बघायला डोळे आपलेच लागतात. उद्या असा कागद तुमच्या पुढ्यात आला, तर पेन उचलू नका. आधी जिना चढा!