खिडकीखालचं टेबल

सुताराच्या मुलीने वायरिंगसाठी भिंतीवर खडूने आणखी एक रेघ ओढली आणि मागे न बघताच विचारलं,

"कटर आणि रंधा एकाच वेळी चालणार का?"

"चालले तर?" सुतार म्हणाला.

"तर दोघांना वेगवेगळं सर्किट. एकावरच घातले तर एमसीबी सारखी पडेल आणि तुम्ही मला शिव्या घालाल."

"तुला कधी शिव्या घातल्या मी?"

शिव्या त्याने खरंच कधी घातल्या नव्हत्या. लहानपणी ती दुकानाच्या दारात उभी राहून "मीपण" म्हणायची, तेव्हा तो नुसतं म्हणायचा, "जा, आईला मदत कर." रंधा तो मुलाच्या हातात द्यायचा. मुलाने पुढे लाकडाचं नाव टाकलं आणि एका काचेच्या ऑफिसात जाऊन बसला. मुलगी मात्र परक्यांच्या हाताखाली तारा ओढायला शिकली आणि आता वायरिंगची कामं स्वतः घेत होती.

दुकान बंद केल्यावर सुताराने घरामागच्या खोलीत कामाची जागा करायचं ठरवलं. वायरमन शेजारच्याच गल्लीत होता, तरी त्याने तिला बोलावलं. वायरिंग हे निमित्त. सुट्टीच्या दिवशी तिने यावं, आपल्या शेजारी उभं राहून काहीतरी खुडबुड करावं, एवढंच त्याला हवं होतं. तसं म्हणायला जीभ रेटेना, म्हणून त्याने आपल्या टेबलाबरोबर दुसरंही एक टेबल करून ठेवलं होतं.

"आणि हे कुठे?" तिने त्यावरचं पोतं बाजूला केलं.

"खिडकीखाली. उजेड चांगला येतो. तिथेही दोन पॉइंट दे."

पॉइंट किती उंचीवर घ्यायचे ते बघायला ती टेबलाला लागून उभी राहिली.

"एवढं बुटकं का केलंत?"

सुतार पुढे आला. उभ्या माणसाचं मनगट जिथे येतं तिथे टेबलाची कड यावी, हे त्याने कारागिरांना घोकून घोकून शिकवलेलं. त्यासाठी त्याला स्वतःला टेप लागत नसे, नजर पुरायची, आणि त्याचा त्याला केवढा तोरा होता. आता ती कड मुलीच्या मांडीशी येत होती. दारात उभ्या राहणाऱ्या त्या पोरीला टेबल अगदी बरोबर झालं असतं.

त्याचा चेहरा साफ उतरला. तिने टेबलाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. फळीवर हात ठेवायला तिला वाकावं लागलं, आणि ती जरा वेळ तशीच वाकून राहिली. फळी गुळगुळीत होती, कोपरे हाताला लागू नयेत म्हणून घासून गोल केलेले.

"खाली पाय जोडतो," तो घाईघाईने म्हणाला. "सांधा कळणारसुद्धा नाही. तू आपली रविवारी येत जा."

"रविवारी लोक घरी असतात, बाबा. माझी निम्मी कामं रविवारचीच." मग ती हळूच म्हणाली, "तेव्हा रोज आले असते."

तिच्या आवाजात राग नव्हता.

तिने खिडकीखाली, नेहमीच्या उंचीवर, एक चौकोन काढला.

"इथपर्यंत तारा आणून ठेवते. पॉइंट देत नाही, वर नुसती कोरी प्लेट लावते. पुढेमागे कुणाला लागलंच तर भिंत फोडायला नको."

"बरं."

"प्लेट भिंतीच्या रंगाची लावू? म्हणजे डोळ्यांवर येणार नाही."

सुताराने पोतं उचललं, झटकलं, घडी घातली. परत टेबलावर मात्र टाकलं नाही.

"पांढरी लाव," तो म्हणाला. "दिसत राहू दे."

तिने चौकोनात तसं लिहून ठेवलं.