मोठ्या बाईंचं फाटक

लोक पोरीसाठी स्थळं बघत हिंडतात, वनमाला शाळा बघत हिंडली. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात, पिशवीत भाकरी-ठेचा बांधून, तिने पाच शाळा पालथ्या घातल्या. मास्तर कसे शिकवतात, दहावीचा निकाल किती लागतो, हे तिने एकाही ठिकाणी विचारलं नाही. तिचा प्रश्न एकच असायचा.

"पोरीला कुणी न्याया आलं, तर सोडता का?"

गेवराईच्या एका शाळेतला कारकून हसून म्हणाला, "घरचं माणूस आलं म्हणल्यावर सोडावंच लागतं की, मावशी." वनमाला तिथूनच माघारी फिरली. दुसऱ्या एका वसतिगृहाच्या दारात भर दुपारी चार पोरी बर्फाचा गोळा चोखत उभ्या दिसल्या, तेव्हा ती आतसुद्धा गेली नाही. तिसरीकडे भिंत होती, पण शेळीने उडी मारावी एवढीच. चौथीकडे भिंत चांगली होती आणि फाटकाला कुलूप नव्हतं.

अंबाजोगाईच्या शाळेत मात्र तिला रस्त्यावरच अडवलं. फाटकावर चतुराबाई नावाची राखणदारीण होती, धिप्पाड, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आज भेटीचा वार नाही, असं सांगून तिने वनमालाला दीड तास उन्हात बसवलं. पाणी मागितलं तर गजांमधून तांब्या दिला, कुलूप काही काढलं नाही. दुसरी एखादी असती तर शिव्या मोजत निघून गेली असती. वनमालाचा जीव मात्र भांड्यात पडला. पोरीला घालायची तर याच शाळेत, हे तिने तिथे मातीत बसल्या बसल्या ठरवलं.

तिचं दुखणं साधं होतं. नांदूरघाटाच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. दसरा-दिवाळी झाली की अर्धी वाडी ऊस तोडायला निघते, त्यात वनमाला आणि तिचा नवरा आसाराम हेही आलेच. नवराबायको मिळून एक कोयता, अशी तिथली मोजणी. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. सहा महिने हे दोघं उसाच्या फडात आणि पोरगी राजनंदिनी घरी आजी-आजोबांपाशी, असं आठवीपर्यंत निभलं. पोर आठवी पास झाली, उंचीने आईच्या कानाला लागली, आणि एके दिवशी जेवता जेवता सासरे विठ्ठलराव म्हणाले, "आता हिला राखायचं कोनी?"

वाडीत हा प्रश्न निघाला की त्याला एकच उत्तर असतं, आणि ते मांडवात मिळतं. वनमालाला ते पंधराव्या वर्षी मिळालं होतं. हळद फिटायच्या आत ती फडात उभी होती. पुढच्या साली राजनंदिनी फडाच्या बांधावरच जन्मली आणि नाळ कापायला कोयताच घ्यावा लागला. त्या पोरीच्या हातात कोयता द्यायचा नाही, एवढी एकच गोष्ट वनमालाने आयुष्यात स्वतःच्या मनाने ठरवली होती. बाकी सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं.

राजनंदिनीला शाळेची नियमावली वाचून रडू कोसळलं. पहाटे पाचला उठायचं, दोन वेण्या घालायच्या, मोबाईल नाही, रविवारी चार ते पाच तेवढा घरचा फोन, वर्षातून दोनदा सुट्टी.

"माय, ही शाळा न्हाई, जेल हाय. कावून घालतीस मला तिथं?"

"असू दे जेल. जेलात लगीन लावीत न्हाईत."

विठ्ठलरावांनी फारशी खळखळ केली नाही. कडक शाळा असेल तर आपली हरकत नाही, असं म्हणाले. वनमालाला वाटलं, म्हातारा वाटतो तेवढा वाईट नाही. तिला वाटलं ते खरंही होतं म्हणा. वाईट माणूस ओळखता येतो, त्याच्यापुढे सावध राहता येतं. विठ्ठलराव चारचौघांसारखे भले गृहस्थ होते, आणि भल्या माणसाने मनात काय योजलंय हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं.

प्रवेशाच्या दिवशी घरातलं थोरलं माणूस नको का, म्हणून ते फेटा बांधून सोबत आले. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत, त्यांनी खुर्ची दिली ती त्यांनाच. आसाराम भिंतीला टेकून उभा राहिला आणि मायलेकी दाराशी. मोठ्या बाईंनी एक निळं कार्ड काढलं.

"हे नीट ऐका. एका मुलीमागे दोनच माणसं. त्यांचा फोटो आणि सही या कार्डावर. त्या दोघांशिवाय मुख्यमंत्री आला तरी मी मुलगी बाहेर सोडत नाही. आणि त्या दोघांपैकी कुणी आलं तर अडवतही नाही. एक जण पालक. दुसरं माणूस जवळपास राहणारं हवं. तुम्ही दोघं सहा महिने बाहेर. पोर आजारी पडली तर बोलवायचं कुणाला?"

पालक म्हणून आसारामने सही केली. बायकोचं नाव घालावं असं त्याच्या मनात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर वनमालाच्याही आलं नाही. तिची सगळी मदार दुसऱ्या जागेवर होती. तिथे आपल्या भावाचं, मुंजाजीचं नाव द्यायचं, हे ती घरून ठरवून आली होती. मुंजाजी नांदूरघाटात सायकलींची दुकानदारी करायचा. त्याचा फोटो तिने कमरेच्या पिशवीत आणला होता. तोही तयार होता, चल म्हटलं की सहीला येणार होता.

"दुसरं नाव?" मोठ्या बाईंनी विचारलं.

वनमालाने पिशवीला हात घातला. समोर खुर्चीत सासरे, मांडीवर काठी आडवी. त्यांच्या डोळ्यांदेखत, भरल्या हपिसात, सासरचं माणूस डावलून माहेरचं नाव घ्यायचं? म्हणजे आबांवर आमचा भरोसा नाही, असं परक्या बाईपुढे बोलून दाखवायचं? पंधरा वर्षांत तिने त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. तिने फोटो पिशवीतच राहू दिला. कुणी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. विठ्ठलराव तर खिडकीबाहेर बघत होते.

"ह्ये हायेत की," ती म्हणाली. "आबा. घरात वडीलधारं आसताना दुसरं कुनाचं नाव घालायचं?"

मोठ्या बाईंनी मान डोलावली. असे संस्कार हल्ली बघायला मिळत नाहीत, असंही म्हणाल्या. विठ्ठलरावांनी सही केली, आणि सगळे खूश होऊन बाहेर पडले.

दिवाळीनंतर टोळी कोल्हापूरकडे उतरली. रविवारी चार वाजता वनमाला कोयता बांधावर ठेवायची आणि जिथे रेंज येई त्या उंचवट्यावर जाऊन उभी राहायची. सुट्टीतून परतलेली राजनंदिनी पहिल्या रविवारी नुसती रडली. दुसऱ्या रविवारी तिने खिचडीत मीठ नसतं म्हणून तक्रार केली. चौथ्या रविवारी तिचा आवाज निराळाच होता.

"माय, गणितात म्या पयली आले. मोठ्या बाईंनी माझी वही साऱ्या वर्गाला दाखवली."

वनमालाने ते टोळीतल्या प्रत्येक बाईला सांगितलं. मुकादम भारत, जो कुणाशी धड बोलायचा नाही, त्यालाही सांगितलं.

सहाव्या रविवारी फोन वसतिगृहाच्या बाईंनी घेतला. "राजनंदिनी घरी गेलीय. गुरुवारी आजोबा येऊन घेऊन गेले. आजी आजारी आहे म्हणाले."

वनमालाने सासूला फोन लावला. सासूने उचलला, "म्या बरी हाय गं," म्हणाली, आणि लगेच ठेवून दिला. मग तो फोन बंदच झाला. वनमाला फडात आली तेव्हा आसाराम वाकून ऊस तोडत होता.

"आबांनी नंदीला शाळंतून कावून आनलं?"

त्याचा हात थांबला नाही. "त्यांनी इचारलं व्हतं मला."

"काय इचारलं व्हतं?"

"त्यो त्यांच्या भनीचा नातू हाय न्हवं, उत्तरेश्वर. आईसंगं कोयत्यावर जायचा. तिची कंबर गेली, आता पोरगा अर्धा कोयता हाय. मुकादम घेत न्हाई. नात्यातलंच हाय, पोरगा सुपारीसुदीक खात न्हाई."

"तुमी काय म्हनलात?"

"म्हनलं, बघा तुमच्या इचारानं."

एवढं बोलून त्याने पुढचा ऊस धरला. वनमालाला त्या क्षणी नवऱ्याचा इतका राग आला की हातात कोयता नव्हता हे बरं झालं. पण बापापुढे त्याची जीभ उचलली नव्हती, आणि हपिसात तिची तरी कुठे उचलली होती? तिने लुगड्यावर चढवलेला शर्ट काढून डोक्यावर पदर घेतला आणि मुकादम मागून ओरडत असताना रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अंबाजोगाईत पोचली. घरी न जाता आधी शाळेत गेली. मोठ्या बाईंना म्हाताऱ्यापुढे उभं केलं तर तो दबेल, अशी तिची वेडी आशा होती. चतुराबाईने फाटकाआडून कार्ड बघितलं.

"तुमचा फोटू न्हाई हितं."

"म्या आई हाय तिची."

"आसाल बाई. पर फोटू न्हाई."

शेवटी मोठ्या बाईच फाटकाशी आल्या. त्यांनी वही उघडून दाखवली: वार, वेळ, कारण, सही. सही कार्डाशी जुळत होती. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. लग्नाचं ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा पांढरा पडला, आणि त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने कुलूप काढलं.

"पोलिसांत तक्रार द्या. आत्ता, माझ्याबरोबर चला. मी साक्ष देते."

"कुनावर?"

"ज्यांनी नेलं आणि ज्यांनी हो म्हटलं, त्यांच्यावर."

म्हणजे सासरा आणि नवरा. वनमालाने फाटकाचा गज धरला.

"आन् लगीन लागलं आसंल, तर तुमी तिला परत घ्याल का?"

मोठ्या बाईंनी हातातली वही मिटली. "लग्न झालेल्या मुलीला वसतिगृहात ठेवायचं नाही, असा संस्थेचा नियम आहे. मी भांडेन. पण खोटं कशाला सांगू, आजवर कुणासाठी तो मोडलेला नाही."

"आधी पोरीला बघून येते," वनमाला म्हणाली. "मंग सही करते."

वाडीत पोचल्यावर कळलं, लग्न शनिवारीच लागलं होतं, डोंगरातल्या एका देवळात, पंधरा माणसांत. विठ्ठलराव अंगणात खाटेवर बसले होते. सुनेला बघून ते दचकले नाहीत की ओशाळले नाहीत. एक जबाबदारी पार पडली, असं समाधान त्यांच्या तोंडावर होतं. "तुमी दोघं मुलखात. म्या आज हाय, उद्या न्हाई," म्हणाले. "काय वंगाळ केलं म्या?" वनमाला अंगणातूनच माघारी वळली. ती उत्तरेश्वरच्या गावाकडे निघाली.

तिथे ट्रॅक्टर उभाच होता. मागच्या ट्रॉलीत भांडी, ज्वारीचं पोतं, शेळी, आणि पोत्याला टेकून हिरव्या चुड्यातली राजनंदिनी. उत्तरेश्वर, विशीतला काटकुळा पोरगा, सासू आली म्हणून पाया पडला आणि लाजून ट्रॅक्टरच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

"तू गेलीस कशी गं त्यांच्यासंगं?" वनमालाचा आवाज फुटला.

"मोठ्या बाईंनी इचारलं, ह्ये तुझे आजोबाच का? म्या हो म्हनलं. खोटं कसं बोलू? एष्टीत बसल्यावर आबांनी सांगितलं." मग तिने आईकडे बघितलं. "माय, तूच तर त्यांचं नाव सांगितलंस."

वनमालाला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"उतर खाली. चल माझ्यासंगं."

"कुठं?"

पोरीने टोमणा मारला नव्हता, सरळच विचारलं होतं. वनमालाने गावाबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. शाळेत? घर आबांचं. फडात नवरा. मुंजाजीची एकच खोली, आणि लग्न झालेली भाची ठेवली म्हणून वाडी दोन दिवसांत त्याच्या दारात येणार. चौकीत जायचं तर पहिलं नाव नवऱ्याचं लिहून द्यायचं. एकेक जागा तिने मनात फिरून पाहिली, जशा मेमध्ये शाळा पाहिल्या होत्या, आणि एकाही ठिकाणी पोरीला उभं करता आलं नाही. ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला.

मग ती चाकावर पाय देऊन वर चढली आणि पोरीचे दोन्ही हात तिने हातात घेतले. तळवे मऊ होते, बोटाला पेनाची शाई होती.

"ऐक. हाताला फडकी बांधल्याबिगर पाल्याला शिवू नगं. बाह्या मनगटापतूर घे, न्हाईतर कातडं सोलून निघतं. ऊस बुडातून तोड, वरनं तोडलास तर शिव्या खाशील. मोळी बांधताना उसाच्या शेंड्याची दोन वाढी घे, एकाला पीळ बसत न्हाई. उचलताना मान ताठ ठेव, कंबरंतून उचलू नगं. आन् दिवसा पानी बेतानं पी, तिकडं आडोसा नसतो."

हातात कोयता द्यायचा नाही म्हणून जिच्यासाठी पाच शाळा पालथ्या घातल्या, तिला वनमालाने ते सगळं उभ्या उभ्या शिकवलं. राजनंदिनी कान देऊन ऐकत होती. ट्रॅक्टर सुरू झाला, वनमाला खाली उतरली, तेव्हा पोरीने मोळीला किती वाढी हे बोटांनी दाखवून विचारलं, बरोबर ना? वनमालाने मान हलवली. हुशारच होती पोर, एकदा सांगितलेलं तिला परत सांगावं लागत नसे.